कवी विल्यम कूपर आणि त्यांचे तीन ससे

आमच्या देवणीसारख्या गावीही हल्ली काही घरांतून पांढरे, करडे ससे पाळलेले दिसू लागले आहेत. हे गाव जनावरांवर जीव लावणाऱ्यांचे आहे. लातूर जिल्ह्यातील ह्या लहानशा गावाचे नाव येथील गोवंशाने दूरवर नेले. बालंक्या, वानेरा आणि शेवरा हे त्याचे तीन प्रकार येथील शाळकरी मूलही दुरून ओळखील. बैल मारका का झाला, गाय दावे का तोडते, हे येथील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु घरात वावरणारा ससा हा पाहुणा आम्हांस नवा आहे. त्याने चटईची किनार खाल्ली, शाळेच्या वह्या कुरतडल्या, विजेची वायर तोडली, अशा तक्रारी मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून आमच्या कानी येतात. पुष्कळदा ह्या तक्रारींचा शेवट असा होतो, की मुलाची हौस फिटते, आईचा त्रागा होतो, आणि ते मुके जनावर एखाद्या अरुंद पिंजऱ्यात आयुष्य कंठू लागते.

म्हणून यंदाच्या अंकात आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्याने सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या राहत्या घरात तीन ससे बाळगले, त्यांच्या खोड्या सोसल्या, त्यांचे स्वभाव अभ्यासिले, आणि त्या तीन क्षुद्र जीवांच्या सोबतीने स्वतःचे बिघडलेले मन सावरले. हे गृहस्थ म्हणजे इंग्रजी भाषेतील विख्यात कवी विल्यम कूपर होत.

कूपर ह्यांचा जन्म इ. स. १७३१ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात बर्कमस्टेड ह्या गावी झाला. त्यांचे वडील तेथील ख्रिस्तमंदिराचे धर्मोपदेशक होते. घरची स्थिती चांगली, कुळ प्रतिष्ठित. परंतु विल्यम सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच १७३७ साली त्याची आई निवर्तली. ज्या वयात मूल आईचा पदर सोडीत नाही, त्या वयात हा पोरका झालेला मुलगा दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत पाठविण्यात आला. तेथे एक थोराड विद्यार्थी त्याच्या पाठीस लागला. त्याने ह्या भित्र्या मुलाचा इतका छळ केला, की विल्यमला त्याच्या तोंडाकडे मान वर करून पाहण्याचाही धीर होत नसे. तो त्यास त्याच्या बुटांच्या बकलांवरून ओळखीत असे. पुढे हा प्रकार उघडकीस येऊन त्या दांडग्या मुलास शाळेतून काढून टाकण्यात आले. परंतु कोवळ्या मनावर पडलेला चरा जन्मभर बुजला नाही. दुर्बळास छळणारांविषयी कूपर ह्यांना जी चीड पुढे आयुष्यभर वाटत राहिली, तिचे मूळ आम्हांस ह्या शाळेतच दिसते.

त्यानंतर लंडन येथील सुप्रसिद्ध वेस्टमिन्स्टर शाळेत त्यांचे शिक्षण झाले. ग्रीक व लॅटिन ह्या भाषांत ते प्रवीण झाले. वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १७५४ साली त्यांस वकिलीची सनद मिळाली. पण त्या धंद्यात त्यांचे मन कधीच रमले नाही. १७६३ साली एका वजनदार आप्ताच्या खटपटीने त्यांस सरदारसभेच्या दप्तरात जागा मिळण्याचा योग आला. तीसाठी सभेपुढे उभे राहून परीक्षा द्यावयाची होती. चार लोकांपुढे उभे राहावयाचे ह्या धास्तीनेच त्यांचे मन खचत गेले. झोप उडाली, अन्न गोड लागेना, आणि अखेर जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत मजल गेली. ईश्वरकृपेने ते वाचले. सेंट अल्बन्स येथे नॅथॅनिएल कॉटन नावाचे एक दयाळू वैद्य मनोरुग्णांवर उपचार करीत असत. त्यांच्याकडे कूपर ह्यांस ठेवण्यात आले. वेडाच्या रोग्यास साखळीने बांधण्याच्या त्या काळी डॉक्टर कॉटन ह्यांनी गोड शब्द, नियमित दिनक्रम आणि धीर ह्यांच्या बळावर त्यांस १७६५ पर्यंत पुष्कळसे बरे केले. मनाचा आजार हाही शरीराच्या आजाराप्रमाणेच एक आजार आहे, त्यात लाजेचे काही नाही, हे आज आपण जाणतो. त्या वेळी हे जाणणारी माणसे विरळा होती.

बरे झाल्यावर ते हंटिंग्डन गावी मॉर्ली अन्विन नावाच्या धर्मोपदेशकाच्या कुटुंबात राहू लागले. १७६७ साली अन्विन घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी मेरी अन्विन ह्यांनी कूपर ह्यांस परके मानले नाही. दोघांनी ओल्नी नावाच्या गावी बिऱ्हाड केले. तेथे जॉन न्यूटन हे धर्मोपदेशक होते. हे न्यूटन शास्त्रज्ञ न्यूटनहून निराळे. पूर्ववयात गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजावर कप्तानी केलेला हा मनुष्य पश्चात्तापाने पालटून प्रभूच्या सेवेस लागला होता. ह्या दोघांनी मिळून जी भक्तिगीते रचिली, ती १७७९ साली ओल्नी गीते ह्या नावाने प्रसिद्ध झाली. संग्रहात साडेतीनशेच्या आसपास गीते असून बाकीची न्यूटन ह्यांची, तर साठांहून अधिक कूपर ह्यांची आहेत. त्यांतील कित्येक आजही ख्रिस्तमंदिरांतून गाइली जातात.

परंतु संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १७७३ साली, जुन्या आजाराने पुन्हा उचल खाल्ली. देवाने आपला कायमचा त्याग केला आहे, अशा समजुतीने त्यांना पछाडले. ज्याची गीते म्हणून इतरांस धीर येई, त्यालाच प्रार्थनेस बसवेना. न्यूटन ह्यांनी त्यांस आपल्या घरी आणून एक वर्षाहून अधिक काळ सांभाळले. मेरीबाई अहोरात्र उशाशी होत्या. १७७४ साली ते घरी परतले ते केवळ सावलीसारखे. वाचन नको, लेखन नको, माणूस नको. रिकामे मन म्हणजे सैतानाचे घर हे खरे. पण ते मन भरावे कशाने, हा प्रश्न होता.

अशा वेळी शेजारच्या एका गृहस्थाच्या मुलांनी सुमारे तीन महिन्यांचे सशाचे पिलू खेळावयास आणले. मुलांना त्यास चिडविणे जितके साधे, तितके खाऊ घालणे साधेना. चार दिवसांत त्यांची हौस फिटली. पिलू वाळत चालले, हे पाहून त्या मुलांच्या बापाने ते कूपर ह्यांस देऊ केले. कूपर ह्यांनी ते घेतले. दुर्बळाचा छळ काय असतो हे ते शाळेतच शिकले होते. त्यांस ससा आवडतो ही बातमी गावात पसरताच लोकांनी इतकी पिले आणून दिली, की एखादे कुरण भरून गेले असते. त्यांतील तिघांचा त्यांनी सांभाळ केला. पस, टायनी आणि बेस ही त्यांची नावे. ह्यांतील दोन नावे मुलींची असली तरी तिघेही नर होते.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे बाजारात मिळणारे पाळीव ससे नव्हेत. ते रानससे होते. पाळीव सशाची पिले बिळात जन्मतात, जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले व अंग उघडे असते. रानसशाचे पिलू उघड्यावर, डोळे उघडे घेऊन व अंगावर लव घेऊन जन्मास येते आणि पळावयास सिद्ध होते. अशा जातिवंत रानवट जनावरास चार भिंतींच्या आत ठेवावयाचे म्हणजे नासधुसीला आमंत्रणच. परंतु कूपर ह्यांनी हाती काठी घेतली नाही. त्यांनी करवत व हातोडी घेतली.

प्रथम त्यांनी स्वतः सुतार बनून प्रत्येकास निजण्यासाठी वेगळे लाकडी घर केले. त्याचा तळ असा बनविला, की घाण खाली पडावी. खाली मातीचे भांडे ठेवलेले असे, ते रोज रिकामे करून धुतले जाई. त्यामुळे घरे स्वच्छ राहत व दुर्गंधी येत नसे. दिवसा तिघांना एका मोठ्या दालनात मोकळे सोडीत; रात्री जो तो आपापल्या घरात जाई आणि दुसऱ्याच्या बिछान्यात कधी शिरत नसे. सायंकाळचे जेवण झाले, की त्यांना दिवाणखान्यात आणण्याचा नेम होता. तेथील गालिच्यावर पायांस चांगली पकड मिळे, आणि मग त्यांच्या उड्या, कोलांट्या व पाठलाग ह्यांना ऊत येई. बेस हा सर्वांत बलवान व निर्भय. एकदा मांजरीने धीर करून त्याच्या गालावर पंजा मारला, तेव्हा त्याने तिच्या पाठीवर पुढल्या पायांनी असा ताशा वाजविला, की ती जीव घेऊन पळाली. ह्या जीवांची नजर व नाक इतके तीक्ष्ण, की गालिच्यास पडलेल्या जळक्या भोकावर ठिगळ लाविले, तर ते त्यांनी लगेच हेरून हुंगून पाहिले.

कुरतडणे हा सशाचा धर्म आहे. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते घासले गेले नाहीत तर त्याचे तोंडच बंद व्हावयाची वेळ येते. ही गोष्ट कूपर ह्यांस ठाऊक असो वा नसो, त्यांनी निरीक्षणाने उपाय मात्र बरोबर योजिला. काटेरी झुडपांच्या डहाळ्या ते सशांपुढे टाकीत, व ससे चांगले जाड लाकूडही खाऊन फस्त करीत. शिवाय आपल्याकडील पाथरीसारखी दुधाळ पानांची रानभाजी, सालीटाची पाने, हिरव्या धान्याची ताटे, ओट, काड आणि सुवासिक पाला हे त्यांचे अन्न होते. सफरचंदाची साल त्यांना प्रिय, पण आतला गर नकोसा. हिवाळ्यात हिरवे मिळेनासे झाले, की गाजराचे तुकडे भाकरीत मिसळून देत. एकदा पिंजरा साफ करताना पक्ष्यांसाठीची पांढरी वाळू जमिनीवर राहिली, ती सशांनी अधाशासारखी खाल्ली. तेव्हापासून ती वाळूही त्यांस मिळू लागली. आजचे पशुवैद्य सशास भाकरी देऊ नये व वाळलेले गवत हेच त्याचे मुख्य अन्न असावे असे सांगतात, हे येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे. पस मांडीवर येऊन बसे, मागल्या पायांवर उभा राहून धन्याच्या कानशिलावरचे केस चावी, हातांत उचलून घेतल्यास मुकाट्याने राही आणि गुडघ्यावर झोपीही जाई. तो तीन दिवस आजारी पडला, तेव्हा सोबत्यांनी त्यास त्रास देऊ नये म्हणून कूपर ह्यांनी त्यास वेगळे ठेविले, नाना पाला चारून पाहिला व स्वतः शुश्रूषा केली. बरा झाल्यावर पसने त्यांचा हात मागून-पुढून आणि एकेक बोट करून चाटला. न्याहारीनंतर त्यास बागेत नेत; तेथे काकडीच्या वेलाखाली तो सायंकाळपर्यंत पडून राही. बागेत जाण्याची लहर आली, की तो कूपर ह्यांच्या गुडघ्यावर पाय आपटी; तेवढ्याने काम भागले नाही, तर कोटाचा सोगा दातांत धरून ओढी. आता हाच कोटाचा सोगा दुसऱ्या घरी फाटला असता, तर सशास मार मिळाला असता. कूपर ह्यांनी त्यात मागणी ओळखली.

टायनीची गोष्ट उलट. त्याच्यावर कितीही माया करा, तो बधला नाही. आजारात त्याचीही तशीच सेवा झाली. पण अंगावरून हात फिरविताच तो गुरगुरे, पुढल्या पायांनी मारी आणि चावा घेई. कूपर ह्यांनी त्याचा राग केला नाही, की त्यास टाकूनही दिले नाही. तो जसा होता तसा त्यांनी सांभाळला, आणि त्याच्या रुसकेपणात विनोद शोधिला. आम्हांस ह्या चरित्रातील ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. प्रेमाची परतफेड करणाऱ्यावर प्रेम करणे सोपे. टायनीवर आठ वर्षे प्रेम करणे कठीण होते.

सर्व काही सुरळीतच चालले होते असे नाही. १७८० च्या ऑगस्ट महिन्यात एके रात्री कूपर जेवावयास बसले असता मागल्या खोलीत खडखड ऐकू आली व थांबली. पाच मिनिटांनी दाराबाहेरून कोणी विचारणा केली, की तुमचा एखादा ससा सुटला आहे काय. धावत जाऊन पाहतात तो पस नाहीसा! खिडकीस हवा खेळावी म्हणून जी जाळी लाविली होती, तिच्या दोऱ्या त्याने कुरतडून तोडल्या होत्या. ज्याने त्यास प्रथम रस्त्यावर पाहिले त्याने टोपीखाली झाकू पाहिले. पण ससा किंचाळून त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेला. मग काय विचारता! पुरुष, बायका, पोरे व कुत्री ह्यांची एक झुंडच मागे लागली. कूपर ह्यांनी पाठविलेला चपळ माणूस कुत्र्यांना आवरीत सर्वांच्या पुढे निघाला. ससा गावातून बाहेर गेला, पुन्हा गावात वळला आणि चामडी कमावण्याच्या आवारात शिरला. तेथील पाण्याच्या हौदांत एकातून निघावे तो दुसऱ्यात पडावे, असे होऊन तो बुडावयाच्या बेतात आला. तेव्हा एका मजुराने त्यास कान धरून वर काढिले. अंगाचा चुना धुऊन, पोत्यात घालून त्यास रात्री दहाला घरी आणिले. एका नखास व एका कानास थोडी इजा, एवढ्यावर निभावले. बक्षिसी वगैरेस चार शिलिंग खर्च पडला, त्याची कूपर ह्यांना खंत वाटली नाही. त्यांनी सशास दोषही दिला नाही. जाळीच्या दोऱ्या पुरेशा आहेत असे ज्याने मानले, त्याचीच ती चूक, हे ते जाणत होते.

दुसऱ्या एका चुकीस मात्र क्षमा मिळाली नाही. बेस पूर्ण वाढला होता, तोच एकदा त्याचे घर धुतल्यावर ते पुरते सुकण्यापूर्वी त्यास आत ठेवण्यात आले. त्या ओलाव्याने तो दगावला. कूपर ह्यांनी हे लपविले नाही. १७८४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन ह्या मासिकात त्यांनी आपल्या सशांचा जो वृत्तांत छापविला, त्यात आपल्या घरी झालेला हा अपघात त्यांनी स्पष्ट लिहिला, जेणेकरून इतरांनी सावध व्हावे. टायनी आठ वर्षांचा होऊन गेला. त्याच्यासाठी कूपर ह्यांनी एक मृत्युलेख कवितेत रचिला. पस हा सर्वांत दीर्घायुषी. १७८६ च्या मार्च महिन्यात बारा वर्षांस एक महिना उणा असता तो केवळ वार्धक्याने, वेदनेवाचून मेला, आणि कूपर ह्यांनी त्याची नोंद टिपून ठेविली. शिकाऱ्यांच्या भीतीने रानात जगणाऱ्या सशास इतके आयुष्य क्वचितच लाभत असेल.

ह्या बारा वर्षांत धन्याचेही पुनरुज्जीवन झाले. सशांच्या घरांपासून सुरू झालेली सुतारकी बागकामापर्यंत गेली, बागकामातून चित्रकला आणि चित्रकलेतून पुन्हा कविता. १७८२ साली त्यांचा पहिला मोठा काव्यसंग्रह निघाला. त्याच वर्षी एका स्नेही बाईंनी सांगितलेल्या हास्यकथेवरून त्यांनी जॉन गिल्पिन ह्या कापडविक्याच्या घोडदौडीचे गीत रचिले, आणि सारे इंग्लंड हसले. १७८५ साली द टास्क हे त्यांचे प्रमुख काव्य बाहेर पडले. त्यात गावचे साधे जीवन, निसर्ग व मुक्या प्राण्यांवरील दया ह्यांचे वर्णन असून करमणुकीसाठी केलेल्या शिकारीचा धिक्कार आहे. १७८८ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी कविता लिहिल्या, आणि १७९१ साली ग्रीक महाकवी होमर ह्याच्या दोन्ही महाकाव्यांचे भाषांतर पुरे केले.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. मेरीबाईंना पक्षाघात झाला. ज्यांनी त्यांची सेवा केली त्यांची सेवा आता कूपर ह्यांनी केली. १७९६ साली त्या वारल्या, आणि २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डिअरहॅम येथे कूपर ह्यांचाही अंत झाला. ओल्नी येथील त्यांच्या घरी १९०० साली संग्रहालय स्थापन झाले.

ह्याच ओल्नी गावाचा आपल्या मराठीशीही एक धागा आहे. विल्यम केरी नावाचा एक गरीब चांभारकाम करणारा तरुण ओल्नीच्या बॅप्टिस्ट मंडळीचा सभासद होता, आणि १७८६ साली, कूपर अद्याप ओल्नीत असतानाच, त्या मंडळीने त्यास उपदेशकाच्या कामासाठी नेमिले. हाच केरी पुढे बंगाल्यात श्रीरामपूर येथे आला, आणि त्याने पंडित वैजनाथ ह्यांच्या साह्याने १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली मराठी-इंग्रजी कोश छापिला.

आता ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी त्यास वाळलेले गवत भरपूर द्यावे, कुरतडण्यास बिनविषारी झाडाच्या डहाळ्या पशुवैद्यास विचारून द्याव्या, उकरण्यास माती किंवा कागद भरलेली पेटी ठेवावी, विजेच्या वायरी नळीत घालाव्या किंवा उंचावर न्याव्या, वह्या-पुस्तके फळीवर ठेवावी आणि रोज काही वेळ त्यास खोलीत मोकळे सोडावे. ससा वह्या खातो तो खोडसाळपणाने नव्हे. दातांस काम नसते, पायांस जागा नसते, म्हणून खातो. काम दिलेला बैल शिंग मारीत नाही, हे आपल्या शेतकरी बापाने आपणांस सांगितलेच आहे. मात्र हरभऱ्याच्या वा तुरीच्या रानात सापडलेले रानसशाचे पिलू घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे, आणि आई बहुधा जवळच असते. कूपर ह्यांचे अनुकरण ह्या बाबतीत करावयाचे नाही.

अनुकरण करावयाचे ते त्यांच्या धीराचे. शाळेतील दांडग्या मुलाने ज्याचा छळ केला, त्याने आपल्याहून दुबळ्यावर तो छळ उलटविला नाही. उलट त्या दुबळ्यास घर बांधून दिले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी आज एखाद्या लहान मुलास अथवा मुक्या जीवास त्रास देत असेल, तर त्याने हे चरित्र पुन्हा एकदा वाचावे. आणि कोणी स्वतः मनाने खचलेला असेल, तर त्याने आपले दुःख आईवडिलांस किंवा गुरुजनांस सांगण्यास संकोच करू नये, एवढीच आमची विनंती आहे.